दोन माठ आणि तुझा फिरकीचा तांब्या

विमलताई, आज मोठ्या बाईंनी तुझा सातवीचा भूगोल मला देऊन टाकला. वेळापत्रकावरचं तुझं नाव त्यांनी खोडलं नाही. त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर माझं नाव लिहिलं. खिडकीजवळ उजेडात गेलं की खालचं तुझं नाव अजून वाचता येतं. मी दोनदा वाचून आले.

मागच्या आठवड्यात नागपूरच्या दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन झालं आणि तू परत आलीच नाहीस. मोठ्या बाई म्हणाल्या, शाळेच्या वार्षिक अंकासाठी विमलबाईंवर काहीतरी लिहून द्या, तुमची त्यांची फार गट्टी होती. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, हे आपले कारकून लिहितील. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू निघून गेलीस म्हणून तू जिंकलीस असं मी धरणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.

मी वर्ध्याच्या या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा तू मला ‘अहो सुमनबाई’ म्हणायचीस. देवळीकडच्या खेड्यातली मी, गावाबाहेरच्या आमच्या आठ घरांतली पहिली शिकलेली मुलगी. शिक्षकांच्या खोलीत मला भिंतीकडची खुर्ची मिळाली होती आणि मी ती अंगाला चिकटल्यासारखी धरून बसायचे. दुपारच्या गाडीने नागपूरचा पेपर यायचा. तो आधी तू वाचायचीस, मग बाकीच्या. त्या दिवशी बातमी होती की अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं देणार, दोघांचा लष्करी करार होतोय. खोलीत एकदम कल्ला झाला. शिवणाच्या बाई तर रॉकेल भरून ठेवायच्या गोष्टी करायला लागल्या. तू पेपरची घडी घातलीस आणि म्हणालीस, “एवढं भिण्यासारखं काही नाही. उसन्या बंदुकीचा चाप मालकाच्या बोटात असतो.”

मी भिंतीकडून म्हणाले, “बंदूक उसनी असो की विकतची, गोळी लागायची तशीच लागते.”

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. तू मात्र चष्मा काढून पुसलास आणि हसलीस. “काऊन वं, एवढ्या दिवसाची गप्प काऊन होतीस?” असं म्हणालीस. तुझ्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदा ऐकली. त्या दिवशी ‘अहो’ गेलं ते गेलंच. आठवडाभराने मीही ‘विमलताई’ म्हणायला लागले, आणि ताईला अहोजाहो कोण करतं?

त्यानंतर रोज दुपारी आपली लढाई. तुझ्या डब्यातली सांभारवडी, माझ्या डब्यातली भाकरी आणि मधे सगळं जग. मनिलाला करार झाला, मग बगदादचा झाला, तिकडे रशियाने आपली माणसं एका दोरीत बांधली. तुझं म्हणणं ठरलेलं, की या करारांनी कोणी सुरक्षित होत नाही. शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण दोन भावांचं असतं. दोघांनी सोयरे गोळा केले की ते गावाचं होतं आणि मग पहिली काठी कोणी उचलली हेसुद्धा कोणाला सांगता येत नाही. माझंही म्हणणं ठरलेलं. ज्याच्यामागे सोयरे असतात त्याच्या धुऱ्यावर कोणी सहसा पाय ठेवत नाही. तुझा भारत मोठा देश आहे, त्याला हात मोकळे ठेवून मधे उभं राहणं परवडतं. लहानाने काय करावं? “आमच्या आठ घरांना विचार,” मी म्हणायचे, “आमच्या लोकांनी शेकडो वर्षं एकट्याने राहून पाहिलंय.”

यावर तू डबा बंद करायचीस. दुसऱ्या दिवशी मात्र नवा मुद्दा घेऊन यायचीस, रात्रभर घरी घोकल्यासारखा.

आणि मग तुझ्या डोक्यातून तो सुताचा खेळ निघाला. आपल्या पोरी रोज टकळीवर सूत काततात, ते पडून असायचं, कारण तसलं गाठीगाठीचं सूत विणकर घेत नाही. तू ते सातवीच्या भूगोलाला लावलंस. एकेक पोर म्हणजे एकेक देश. ज्यांचा करार झालाय त्यांची मनगटं सुताने एकमेकींना बांधायची. व्हरांड्यात सगळं जग उभं केलंस. पाकिस्तान व्हायला एकही पोर तयार होईना, तेव्हा तू स्वतःच पाकिस्तान झालीस, पदर खोचून. भारत म्हणून एक उंच पोर मधोमध उभी केलीस, दोन्ही हात कमरेवर.

मी त्या वेळी शेजारच्या वर्गात गणित शिकवत होते. गलका झाला म्हणून बाहेर आले. तुर्कस्तान झालेल्या मालतीचे दोन्ही हात बांधलेले, एका बाजूने अमेरिका आणि विलायत, दुसऱ्या बाजूने इराक, इराण. आणि नेमकं तिलाच लघवीला लागलं. गाठी तू अशा पक्क्या मारलेल्या की सुटेनात. मग काय, तुर्कस्तान निघालं आणि त्याच्यामागे सगळी माळ. अमेरिका निघाली, विलायत निघाली, इराण अडखळलं, आणि शेवटी पाकिस्तान, म्हणजे तू, एका हाताने पदर सावरत पोरींबरोबर फरफटत मोरीच्या दारापर्यंत गेलीस. मी खांबाला धरून हसले. पोट दुखेपर्यंत हसले.

परत आल्यावर तू मला म्हणालीस, “हासू नको. असंच होते. तुर्कस्तानले लागली की सगळ्याईले जा लागते.”

“आणि तुर्कस्तानला कोणी मारायला आलं असतं तर?” मी म्हणाले. “त्यानेही आधी ही सगळी माळ पाहिली असती ना?”

“सूत तुटलं असतं. पोरींनी कातलेलं आहे, कुठे जाड, कुठे बारीक. ओढ लागली की बारीक जागी तुटतं.”

“मग गिरणीचा दोरा आण.”

“गिरणीचा दोरा मनगटात रुततो, सुमन.”

 त्यावरचं उत्तर मी अजून शोधतेय, म्हणजे मी हरले असं नाही.

आता माठाचं. हे वार्षिकात छापणार नाहीत, मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आपलं खरं भांडण इथे आहे. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात एक माठ असायचा. बाकीच्या बाया उठून ओगराळ्याने पाणी घ्यायच्या. मला शाळेची शिपाईण सखूबाई वरून ओंजळीत पाणी वाढायची. कोणी तसा नियम केला नव्हता. तसं होतं, एवढंच. छप्पन सालच्या दसऱ्याला मी आणि आई पांढरी लुगडी नेसून नागपूरला गेलो आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या दुपारी मी उठले, माठाचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, भांडं भरलं आणि प्याले. पाणी नेहमीचंच होतं. पण मी ते हळूहळू प्याले, घोट घोट. 

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दोन माठ होते. नवा माठ, नवं झाकण, नवं ओगराळं. जुना माठ मला आंदण मिळाला होता. मी सखूबाईला विचारलं, हा कोणी आणला? ती म्हणाली, “मले नका इचारू बाई. मी फक्त भरते.” मी नव्यालाही हात लावणार होते. मग वाटलं, उद्या तिसरा येईल, परवा चौथा, कुंभाराचं तेवढं भलं होईल.

त्या दुपारी तुला तहान लागली. तू उठलीस. सगळ्या खोलीचं लक्ष तुझ्याकडे. मी वहीत मान घातली होती, पण मला तुझी पावलं ऐकू येत होती. तू कोपऱ्यापर्यंत गेलीस, उभी राहिलीस आणि परत येऊन बसलीस. पाणी प्यायली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू घरून फिरकीचा तांब्या आणलास, प्रवासाला नेतात तसला पितळी, आणि खिडकीत ठेवलास. त्यातलं प्यायला लागलीस. ना त्यांच्या माठाचं, ना माझ्या.

मला काय वाटलं ते मी तुला तेव्हा सगळं सांगितलं नाही. आता सांगते. मला रडू आलं होतं. नव्या माठाचं मला काही वाटलं नाही, त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती. तुझ्याकडून केली होती. तू येऊन माझ्या माठात ओगराळं बुडवशील, त्यांच्यासमोर एक भांडं पिशील, एवढंच मला पाहिजे होतं. तुला ते एवढं जड का गेलं, ताई?

तेच दिवस पेपरात सुएझचे आणि हंगेरीचे होते. घरी जाताना आपण बाजारावरून जायचो. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्याला टेकलेली, बैल रवंथ करताहेत, उडालेला कापूस आपल्या लुगड्यांना चिकटतोय, आणि आपण भांडतोय. हंगेरीने रशियाशी केलेल्या करारातून अंग काढून घेतलं, आम्ही तटस्थ राहतो म्हणाले, आणि रणगाडे राजधानीत शिरले. तू म्हणालीस, “बघ. संरक्षण करायला घरात घेतलेला पाहुणाच घरावर बसला.”

मी म्हणाले, “आणि तटस्थ होतो म्हटल्यावर कोण धावलं? कोणीच नाही. आपणही नाही. सुएझवरच्या हल्ल्यावर आपण ओरडलो, हंगेरीच्या वेळी आपला घसा बसला.” मग मी थांबले आणि म्हणाले, “तुझाही बसलाय.”

तू एका गाडीच्या आडोशाला उभी राहिलीस. माझं बोलणं कुठे लागलं ते तुला लगेच कळलं. “मी तुझ्या माठातलं प्यायले असते,” तू म्हणालीस, “तर तो माठ दोघींचा झाला असता.”

“तेच तर पाहिजे होतं मला.”

“तुला पाहिजे होतं. पण मग दोन माठ कायमचे झाले असते. इकडे आपण दोघी, तिकडे सगळ्या. उद्या त्यांनी मोठ्या बाईंना ओढलं असतं, मी कमिटीतल्या कोणाला तरी ओढलं असतं. भांडण मोठ्यांचं झालं असतं आणि नोकरी तुझी गेली असती. गट पडले की लढाई लहानाच्या अंगणात होते. कोरियात काय झालं ते वाचलं नाहीस का तू?”

“मी कोरिया नाही, ताई. मला तहान लागते.”

 बाजूच्या गाडीवानाने विचारलं, “बाई, रस्ता सोडता का जरा?” आपण बाजूला झालो.

त्या करारांमध्ये एक कलम असतं ना, की एकावर हल्ला झाला तर तो सगळ्यांवर झाला असं समजायचं? ते मी पेपरात पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवून दिला होता. तुला त्या कलमात युद्ध दिसायचं. एका ठिणगीने कडब्याची सगळी गंजी पेटते, असं तू म्हणायचीस, आणि तू चुकत होतीस असं नाही. पण मला त्यात दुसरंच दिसायचं. आमच्या आठ घरांविषयी असं वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. आमच्या विहिरीत कोणी घाण टाकली की ती आमच्या विहिरीत टाकलेली असायची, गावाच्या नाही. मोठमोठे देश कागदावर सह्या करून तसं म्हणतात, मग ते खोटं का असेना, कोणीतरी म्हणतं तरी. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, एकदा.

आणि मग डिसेंबर आला. आम्हाला दीक्षा देणारा, आमचा सगळ्यांचा आधार गेला. आमच्या वस्तीत त्या दिवशी चूल पेटली नाही. मी शाळेत आले नाही, निरोपही पाठवला नाही. दुपारी तू आलीस. वर्ध्याच्या तुझ्या गल्लीतली बाई आमच्या वस्तीत आलेली कोणी पाहिली नव्हती. तू कोणाला रस्ता विचारलास, मला अजून माहीत नाही. ओसरीत बायांमध्ये खाली बसलीस. आईने तुला पाहिलं आणि म्हणाली, “काऊन आली वं माय एवढ्या दूर?” तू म्हणालीस, “आली. बसू दे.” एवढंच. आईने आमच्या घागरीतलं पाणी दिलं, तू ते घटाघटा प्यायलीस आणि आणखी मागितलंस.

हे मला आजही कळत नाही. आमच्या घरात प्यायलीस, शाळेत नाही. मी तुला पुढे विचारलंही. तू म्हणालीस, “घरी मी तुझ्यासाठी प्याले. शाळेत त्यांना दाखवण्यासाठी प्यावं लागलं असतं.” मी म्हणाले, दाखवायलाच पाहिजे होतं. आपण पुन्हा भांडलो. खरं सांगू का, त्या भांडणांची सुद्धा मला आता भूक लागलीय.

हिवाळाभर मी तुझ्या तांब्याला हात लावला नाही. हट्ट होता. तू ‘घे’ म्हणायचीस, मी उठून माझ्या माठाकडे जायचे. मग ऊन सुरू झालं. एका दुपारी मी तास घेऊन आले ती घामाने निथळत, डोळ्यांपुढे अंधारी आलेली. तू तांब्या माझ्याकडे सरकवलास. मी फिरकी काढली आणि वरून न पिता तोंड लावून प्याले. ठेवला. तू तोच उचललास, सगळ्या बसल्या होत्या, आणि पुसलासुद्धा नाहीस. तोंड लावून प्यायलीस. शिवणाच्या बाईंच्या हातातली सुई तशीच राहिली.

मी हळूच विचारलं, “हा करार झाला का?”

“नाही,” तू म्हणालीस. “तहान होती.”

त्यानंतर लवकरच नवा माठ फुटला. सकाळी शाळा उघडली तर कोपऱ्यात खापरं आणि पाण्याचं तळं. मोठ्या बाई म्हणाल्या, यंदा आता दुसरा घ्यायला पैसे नाहीत. दोघीतिघींनी घरून पाणी आणायला सुरुवात केली, आणि मग वर्ध्याच्या उन्हापुढे त्यांचंही काही चाललं नाही. एकेक करून सगळ्या जुन्या माठाशी आल्या. शेवटी शिवणाच्या बाई आल्या. आल्या, प्याल्या, आणि मला म्हणाल्या, “पाणी छान गार आहे हो.” मी म्हणाले, “हो ना.” बस, एवढ्यावर मिटलं.

तू म्हणायचीस, बघ, गट नाही केला म्हणून मिटलं. मी म्हणायचे, गटबिट काही नाही, ऊन जिंकलं. आणि माठ फुटला नसता तर? “माठ फुटतातच,” तू म्हणालीस. मी तुझ्याकडे रोखून पाहिलं. “ताई, तू फोडलास का?” तू जी हसायला लागलीस, ती चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलीस. पण हो की नाही ते सांगितलं नाहीस. मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. आता तरी सांग.

एकदा रेल्वेच्या पुलावर आपण उभ्या होतो. खालून मालगाडी चालली होती, कापसाच्या गाठींची, संपता संपेना. मी म्हणाले, “ताई, आपण दोघी एक करार करू. तुला काही झालं तर मी येईन, मला काही झालं तर तू यायचं.” अर्धं थट्टेत म्हणाले, अर्धं खरं. तू मान हलवलीस. “नको. करार केला की माणूस हिशोब धरायला लागतं. कोण आधी आलं, कोण उशिरा आलं, कोण किती आलं. मला तसं नको. तू येशील. मला माहीत आहे.”

“आणि तू?”

“मी आलेच होते की,” तू म्हणालीस. मला आमची ओसरी आठवली.

या पावसाळ्यात तू बारीक व्हायला लागलीस. मी रोज विचारायचे, तू रोज ‘पित्त आहे’ म्हणायचीस आणि विषय इराककडे वळवायचीस. इराकात उलथापालथ झाली होती, बगदादच्या करारातून बगदादच गळणार अशी चिन्हं होती, आणि तुला त्याचा कोण आनंद. नागपूरला जातानाही स्टेशनवर, “लहानसं ऑपरेशन आहे, आठवड्यात परत येते, तोवर इराकवर तुझं काय म्हणणं ते तयार ठेव,” असं म्हणाली होतीस. मी तयार ठेवलंय. चांगलं पक्कं म्हणणं आहे, तू निरुत्तर झाली असतीस.

तू गेल्यावर मी तुझ्या भावाकडे गेले. तुझ्या वहिनीने मला आत नेऊन बसवलं. त्या तुझ्याजवळ दवाखान्यात होत्या. पदराने तोंड पुसत सांगत होत्या की ऑपरेशननंतर ताप चढला, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचं तोंड बदललं, तेव्हा त्यांनी तुला विचारलं होतं, सुमनला बोलावून घेऊ का? “तर हसल्या हो,” वहिनी म्हणाल्या. “म्हणाल्या, राहू दे, तिचे तास बुडतील. आणि आमचा करार कुठे झालाय?”

त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. मला कळलं. थट्टा होती. तू मरणाच्या दारातही माझी टर उडवलीस. पण मला हसू आलं नाही, विमलताई. मी तिथे, तुझ्या घरात, मोठ्याने रडले. निघताना वहिनींनी तुझ्या सामानातला तांब्या आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, हा तुमच्याकडेच शोभेल. तो मी शाळेत खिडकीत ठेवलाय, तुझ्या जागी. त्यातलं पाणी मी पिते. शिवणाच्या बाईंनीही काल एकदा घेतलं.

आणि आज तुझा सातवीचा तास. मला भूगोल नीट येत नाही हे पोरींना आधीपासून ठाऊक आहे. मी पुस्तक उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, बाई, सुताचा खेळ घ्या ना. मी म्हटलं, ठीक. सगळ्या व्हरांड्यात आल्या, आपापल्या जागी उभ्या राहिल्या, एकमेकींची मनगटं बांधायला लागल्या. त्यांना सगळं पाठ होतं. एकीने विचारलं, “बाई, इराकचं सूत सोडाचं का ठेवाचं?” मला माहीत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, तुला विचारायला. मग म्हटलं, सैल ठेव, गाठ मारू नको.

भारत म्हणून इंदू उभी होती. तीच ती, दोन वेण्यांची, तुझी लाडकी. खेळता खेळता इराण झालेली बुटकी पोर धपकन खाली बसली. मला वाटलं, घेरी आली. मी धावणार तोच लक्षात आलं की हासुद्धा खेळच आहे. ती पडल्याबरोबर सुताला ओढ बसली, तिच्या सोबतिणी एकमेकींत अडकल्या, एक इकडे ओढतेय, एक तिकडे, बारीक जागी सूत तुटलं. आणि इंदू मधून सरळ चालत गेली, खाली वाकली, आणि दोन्ही हातांनी तिला उठवून उभं केलं.

हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, “हे कोणी सांगितलं?”

“विमलबाईनं. यंदा नवीन केलं त्याहीनं,” इंदू म्हणाली. “भारताच्या हाताले सूत नाई बांधाचं. काऊनका त्याचे हात मोकये पायजेत. कोणी पडलं त सगळ्याईच्या आंधी त्यानं जायचं.”

 पोरी माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे माझी आठ घरं तू ऐकली होतीस. इतकी वर्षं मी जे विचारत होते, की लहान पडला तर कोण जाईल, त्याचं उत्तर तू शोधत होतीस, आणि ते मला सांगायच्या आधी सातवीच्या पोरींना सांगून मोकळी झालीस. मला अजून ते पटलंय असं समजू नकोस. मोकळे हात असलेला जाईलच याची हमी कोण देणार, हे मी तुला विचारलंच असतं. पण त्या दुपारी आमच्या ओसरीत तू कोणत्या कराराने आली होतीस, असं तू उलट म्हणाली असतीस.

मी इंदूला एवढंच विचारलं, “आणि पडणारीने हाक मारली नाही तर?”

तिला प्रश्नच विचित्र वाटला. “तरी जा लागते, बाई,” ती म्हणाली.

ताई, पोरींना शिकवलेला नियम तू स्वतः मोडलास. तू पडलीस आणि मला कळू दिलं नाहीस. मला जाता आलं असतं. नागपूरची गाडी रोज सकाळी वर्ध्याला थांबते. तास बुडाले असते तर मोठ्या बाई रागावल्या असत्या, एवढंच झालं असतं. करार नव्हता आपला, कबूल. तूच नको म्हणाली होतीस. पण म्हणूनच तर, विमलताई. माझे दोन्ही हात मोकळे होते.